साखर खाल्ली कोणी?

(इंगोलश्टाट इथे मंडळाच्या कोजागिरीच्या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्याचा बाज तसाच ठेवला आहे.)



मसाला दूध आटेपर्यंतचा अर्धा तास माझ्या वाट्याला आला आहे. कार्यकारिणीतून फोन आला तेव्हा "तू आयटीवाला, तर कृत्रिम बुद्धिमत्तेवर बोल" असा आग्रह होता. मी म्हटलं, त्या विषयातलं इथल्या निम्म्या लोकांना माझ्यापेक्षा जास्त कळतं आणि उरलेल्या निम्म्यांना तो ऐकून ऐकून वीट आलाय. मी साखरेवर बोलतो. पलीकडे क्षणभर शांतता, आणि मग, "म्हणजे डायबेटिसवर का?" नाही हो. उसाच्या साखरेवर, आणि ती आपल्या आधी कोण खाऊन जातं त्यावर.

माझं शिक्षण कॉम्प्युटर इंजिनिअरिंगचं, पोटापाण्याचा धंदा कन्सल्टिंगचा. सूक्ष्मजीवशास्त्राशी माझा संबंध बारावीला संपला. पण मी नगर जिल्ह्यातला. (२०२४ पासून आमच्या जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं आहे, जिभेला अजून वळण पडायचंय.) आमच्या जिल्ह्यात लोणीला विठ्ठलराव विखे पाटलांनी धनंजयराव गाडगीळांच्या साथीने सहकारी साखर कारखाना उभा केला आणि १९५०-५१ च्या हंगामात त्याची चाकं फिरली, हे आम्हाला शाळेत असताना शिवाजी महाराजांच्या खालोखाल शिकवलं जायचं. घरी ऊस, आणि माझा मावसभाऊ, ज्याला मी दादा म्हणतो, तो जिल्ह्यातल्याच एका कारखान्याच्या लॅबमध्ये केमिस्ट. कारखान्याचं नाव सांगत नाही, त्याची नोकरी चालू आहे.

आता एक साधा प्रश्न. रसवंतीवाला ऊस तुमच्या डोळ्यांदेखत का पिळतो? सकाळीच शंभर ग्लास काढून ठेवले तर त्याचा किती त्रास वाचेल! पण तसं होत नाही, कारण दोन-तीन तासांत तो रस काळपट पडतो, आणि संध्याकाळपर्यंत त्याला आंबूस वास येतो. नीरेचं तर विचारूच नका. पहाटेची नीरा आणि दुपारची नीरा यांच्यात कायद्याने सुद्धा फरक आहे! म्हणजे गोड रस उघड्यावर ठेवला की त्यावर कोणीतरी ताव मारतं, हे आपल्याला पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे.

साखर कारखाना म्हणजे एक प्रचंड मोठी रसवंती. फरक इतकाच की तिथे ग्लास नाही, दिवसाला हजारो टन ऊस आहे. आणि तो ऊस पिळला जातो ३०-४० अंश तापमानाला, ओल्या लोखंडावर, जिथे प्रत्येक कोपऱ्यात रस आणि बगॅसचा भुसा अडकून बसलेला असतो. बॅक्टेरियांच्या दृष्टीने ही लग्नाची पंगत आहे.

या पंगतीतल्या मानाच्या पाहुण्याचं नाव ल्युकोनोस्टॉक. तो मातीत असतो, उसाच्या कांड्यावर असतो, कोयत्याच्या पात्यावर असतो. ऊस तोडला की त्याला कापलेल्या टोकातून दार उघडं मिळतं. तो साखरेचा एक रेणू घेतो, त्याचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असे दोन तुकडे करतो, आणि ग्लुकोजचे मणी एकामागोमाग एक ओवून लांबलचक माळ तयार करतो. त्या माळेला डेक्स्ट्रान म्हणतात. हाताला लागतं ते बुळबुळीत, चिकट, पारदर्शक. मिलच्या खालच्या ट्रेमध्ये साठलं की अगदी बेडकाच्या अंड्यांसारखं दिसतं, आणि म्हणूनच जुन्या जर्मन साखर कामगारांनी त्याला 'फ्रॉशलाइश' हेच नाव ठेवलं होतं. बेडकाची अंडी! बिटाच्या कारखान्यांतही हा प्राणी तितकाच जुना आहे. हा चिकटपणा सूक्ष्मजीवांचा उद्योग आहे हे १८६१ मध्ये पाश्चरने दाखवलं. डेक्स्ट्रान हे नाव १८७४ मध्ये कार्ल शाइब्लर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने दिलं, आणि बॅक्टेरियाचं आजचं नाव १८७८ मध्ये फान टीगेमने ठेवलं. जाता जाता सांगतो, हेच डेक्स्ट्रान शुद्ध करून पुढे दवाखान्यात रक्तद्रवाला पर्याय म्हणून सलाइनसारखं देऊ लागले. स्वीडनमध्ये १९४० च्या दशकात ही कल्पना बिटाच्या रसावर काम करतानाच सुचली. कारखान्यातली घाण आणि दवाखान्यातलं औषध, एकच पदार्थ.

कारखान्यात मात्र डेक्स्ट्रान तिहेरी मार देतं. एक तर ते तयार करायला साखर खर्ची पडली, ती गेलीच. दुसरं, रस आणि पाक घट्ट होतो, गाळायला आणि आटवायला जास्त वेळ लागतो, साखरेचा दाणा नीट चौकोनी न येता लांबट येतो आणि जास्त साखर मोलॅसिसमधून निघून जाते. तिसरा मार मला सर्वांत रंजक वाटतो, कारण तो हिशेबाचा आहे. रसात साखर किती हे कारखान्यात पोलॅरिमीटरवर बघतात: रसातून प्रकाश सोडायचा आणि त्याची पातळी किती अंश फिरते ते मोजायचं. डेक्स्ट्रान हा प्रकाश साखरेच्या जवळजवळ तिप्पट फिरवतं. म्हणजे खराब रस यंत्राला जास्त गोड दिसतो! वहीत साखर जास्त जमा होते, गोदामात तेवढी पोचत नाही, आणि हिशेब जुळवताना 'अननोन लॉस' नावाच्या रकान्यात फरक टाकला जातो. आमच्या क्षेत्रात असा रकाना दिसला की ऑडिटर झोपू देत नाही.

आणखी एक. रस पुढे शुद्धीकरणासाठी शंभर अंशांच्या वर तापवतात, तिथे बॅक्टेरिया मरतात. पण तोवर त्यांनी तयार केलेलं डेक्स्ट्रान मरत नाही, ते पुढे चालतच राहतं. म्हणून जे काही करायचं ते पहिल्या टप्प्यात, उसाच्या तोडणीपासून मिलपर्यंत.

हे सगळं आपल्याला इथे बसून का ऐकायचं, असं मागच्या रांगेत कुणाच्या तरी मनात आलं असेल. म्हणून पैशाचं सांगतो, पैशाचं म्हटलं की सगळे सरसावून बसतात. उसाचा दर सरकार ठरवतं, त्याला एफआरपी म्हणतात, आणि तो साखरेच्या उताऱ्याला बांधलेला आहे. उतारा म्हणजे १०० किलो उसातून किती किलो साखर निघाली. २०२५-२६ च्या हंगामासाठी १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलला ३५५ रुपये, आणि त्याच्यावर उताऱ्याच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला ३ रुपये ४६ पैसे जास्त. आता ०.१ म्हणजे काय, तर १०० किलो उसामागे १०० ग्रॅम साखर, चहाचे मोजून वीस-पंचवीस चमचे. पण १०० टन ऊस घालणाऱ्या शेतकऱ्याचे त्यात ३,४६० रुपये आहेत. कारखान्याच्या बाजूने बघा. दिवसाला ५,००० टन गाळप असेल तर ०.१ टक्का म्हणजे रोजची ५ टन साखर. हंगाम १२० दिवसांचा धरला तर ६०० टन. २०१९ साली ठरलेल्या किलोला ३१ रुपये या किमान विक्री दराने मोजलं तरी एक कोटी शहाऐंशी लाख. (इथेनॉलकडे वळवलेल्या साखरेचा गुंता मी मुद्दाम बाजूला ठेवलाय, नाहीतर दूध आटून बासुंदी होईल.)

आणि या आकड्यांमागे एक जुना संशय आहे. शेतकऱ्याला वाटतं, काटा मारला, उतारा दाबला. कारखान्याला वाटतं, ऊसच शिळा आणला. दोघांपैकी कोणाचंही बरोबर असू शकतं. पण भांडणात तिसरा एक भागीदार आहे, जो दोघांचंही खातो, आणि त्याचं नाव कोणाच्याच तोंडी नसतं.

दोन वर्षांपूर्वी डिसेंबरात घरी गेलो होतो तेव्हा दादाच्या लॅबमध्ये एक दुपार घालवली. बाहेर यार्डात ट्रॅक्टर आणि बैलगाड्यांची रांग. बैलगाडीवर मोळ्या, त्यावर वाढे, आणि खाली सावलीत बीडकडून आलेलं तोडणी कामगारांचं जोडपं भाकरी खात बसलेलं. मी दादाला विचारलं, रसातले बॅक्टेरिया तुम्ही मोजता कसे? त्याने इनक्युबेटर दाखवला. काचेच्या बशीत खाऊ घातलेली जेली, तिच्यावर रसाचा थेंब पातळ करून पसरायचा, उबेला ठेवायचा, आणि ठिपके उगवले की मोजायचे. "किती वेळ लागतो?" "दोन दिवस. अठ्ठेचाळीस तास." मग त्याने रजिस्टर उघडलं. सुवाच्य अक्षर, तारखा, आकडे, सह्या. मी विचारलं, हे वाचतं कोण? तो हसला. म्हणाला, "अरे, परवाच्या रसाचा आकडा आज कळतो. तो रस आता पोत्यात पोचला. कोण कशाला वाचेल?"

मंडळी, ५,००० टनांच्या कारखान्यात अठ्ठेचाळीस तासांत १०,००० टन ऊस गाळून होतो. आणि बॅक्टेरियांचं गणित तुम्हाला माहितीच आहे. समजा दर अर्ध्या तासाला ते दुप्पट होतात, तर सहा तासांत बारा वेळा दुप्पट. दोनाचा बारावा घात, ४०९६. हा आकडा आमच्या धंद्यातल्या लोकांना झोपेत सुद्धा येतो. तर ज्या गोष्टी तासात बदलतात त्यांचं उत्तर दोन दिवसांनी मिळालं तर त्याला चाचणी म्हणायचं की शवविच्छेदन?

म्हणून झटपट चाचण्या. त्यातली सर्वांत स्वस्त आपल्या डेअऱ्यांमुळे महाराष्ट्राला चांगली ओळखीची आहे. दुधात निळा रंग टाकायचा आणि तो किती वेळात उडतो ते बघायचं. जितके बॅक्टेरिया जास्त, तितका रंग लवकर जातो. रेझाझुरिन नावाचा रंग वापरला तर तो निळ्याचा गुलाबी होतो आणि अंदाज आणखी लवकर मिळतो. उसाच्या रसालाही तेच तत्त्व लागू पडतं. परीक्षानळी, कोमट पाणी आणि घड्याळ, एवढंच सामान.

दुसरी चाचणी मला सर्वांत आवडते, कारण तिच्यात काजवे आहेत. आमच्या प्रवरा नदीवर भंडारदऱ्याचं धरण आहे, १९२६ मध्ये पुरं झालेलं. नगर जिल्ह्यातल्या कालव्याखालच्या बऱ्याच उसाला जे पाणी मिळतं, ते तिथलं. आणि त्याच भंडारदऱ्याच्या आसपास मेअखेर-जूनमध्ये, पाऊस पडायच्या आधी, झाडंच्या झाडं काजव्यांनी लखलखतात. पुण्या-मुंबईहून गाड्या भरून लोक येतात, त्याला आता काजवा महोत्सव म्हणतात. काजवा कशावर पेटतो? प्रत्येक जिवंत पेशीत एटीपी नावाचा रेणू असतो. पेशीची सुटी नाणी समजा, प्रत्येक कामाला पेशी ही नाणी मोजते. हा रेणू १९२९ मध्ये कार्ल लोमान या जर्मन शास्त्रज्ञाने शोधला. पुढे १९४७ मध्ये अमेरिकेत बाल्टिमोरच्या विद्यापीठात विल्यम मॅकेलरॉय यांनी दाखवलं की काजव्याच्या शेपटीतला रस एटीपी मिळालं तरच उजळतो. त्यांना काजवे लागायचे हजारोंनी, म्हणून त्यांनी गावातल्या पोरांना शंभर काजव्यांमागे पंचवीस सेंट देऊन ते गोळा करवले. आपल्या अकोले तालुक्यातल्या पोरांनी तेव्हा काय कमाई केली असती!

मग युक्ती उघडच आहे. रसाचा नमुना घ्या, त्यातल्या बॅक्टेरियांची कवचं फोडा, काजव्याचं एन्झाइम टाका (आता ते काजवे न मारता प्रयोगशाळेत तयार होतं), आणि किती उजेड पडला ते एका हातात मावणाऱ्या यंत्रावर वाचा. उजेड जास्त, म्हणजे एटीपी जास्त, म्हणजे जिवंत पेशी जास्त. नमुन्यापासून आकड्यापर्यंत काही मिनिटं. हॉटेलची स्वयंपाकघरं, इस्पितळं, ब्रुअऱ्या इथे हे यंत्र वर्षानुवर्षं वापरात आहे.

पण इथे एक मेख आहे, आणि विक्रेत्यांच्या रंगीत पत्रकात ती बारीक अक्षरात असते. ऊस हीसुद्धा सजीव वनस्पती. मिलमध्ये ऊस चिरडला की त्याच्या पेशींतलं एटीपीसुद्धा रसात सांडतं. म्हणजे यंत्राला उसाचा उजेड आणि बॅक्टेरियाचा उजेड एकच दिसतो. त्यात रस गढूळ, काळपट, तो उजेड अडवतो. आणि मिल धुतलेल्या जंतुनाशकाचा अंश नमुन्यात आला तर काजव्याचं एन्झाइमच थंडावतं, आणि आकडा खोटा कमी येतो. म्हणून रस आधी गाळायचा, बॅक्टेरिया गाळणीवर अडकवायचे, मोकळं एटीपी धुऊन टाकायचं, आणि मगच कवचं फोडायची. दहा मिनिटं जास्त लागतात, पण ही पायरी गाळली तर तुम्ही उसाची तब्येत मोजताय, बॅक्टेरियांची नाही. मिल धुतल्यावर ट्रेवर किंवा रोलरच्या कडेला बोळा फिरवून सफाई तपासायची असेल तर मात्र काम सोपं आहे. तिथे उजेड कुठूनही आला असला तरी अर्थ एकच: नीट धुतलेलं नाही.

डेक्स्ट्रान थेट मोजायच्याही रीती आहेत. रसात अल्कोहोल टाकून किती धुरकट होतो ते बघणं ही जुनी रीत. अमेरिकेत न्यू ऑर्लिन्सच्या सरकारी प्रयोगशाळेत गिलियन एगलस्टन यांनी मॅनिटॉल मोजायची रीत बसवली. ल्युकोनोस्टॉक डेक्स्ट्रान करताना उरलेल्या फ्रुक्टोजचं मॅनिटॉल करतो, त्यामुळे ते सापडलं की चोराच्या पायाचा ठसा सापडला असं समजायचं.

मी दादाच्या लॅबमधून परत आलो तेव्हा वाटत होतं, प्रश्न वेगाचा आहे. दोन दिवसांचं काम दहा मिनिटांत आणलं की झालं. मग त्याच्याशी फोनवर बोलत गेलो तेव्हा खरी अडचण उमगली. समजा दहा मिनिटांत आकडा मिळाला आणि तो वाईट आहे. पुढे काय? केमिस्ट म्हणणार, मिल थांबवा, गरम पाण्याने आणि वाफेने धुवा. गाळपवाला म्हणणार, थांबवणार नाही, आजचं टार्गेट पुरं व्हायचंय. आणि त्यात गाळपवाल्याचं म्हणणं अगदीच खोटं नसतं! मिल दोन तास थांबली की बाहेर यार्डातली रांग दोन तास लांबते. उन्हात उभा असलेला ऊस आणखी दोन तास शिळा होतो, त्याच्या टोकांतून तोच ल्युकोनोस्टॉक आत शिरत असतो. म्हणजे मिल स्वच्छ करायला थांबलात आणि बाहेर ऊस नासवलात, असंही होऊ शकतं.

म्हणून 'किती' या प्रश्नाइतकाच 'कुठे' हा प्रश्न महत्त्वाचा. आणि झटपट चाचणीची खरी किंमत मला तिथे दिसते. एकाच वेळी दोन जागचे नमुने घ्या. पहिल्या मिलमधून निघणारा ताजा रस, आणि सगळ्या मिल फिरून एकत्र झालेला मिश्र रस. पहिल्या मिलचाच आकडा चढा असेल तर मिलला दोष देऊ नका, ऊस बाहेरूनच शिळा आला आहे. तोडणीचा प्रोग्राम चुकलाय, गाड्या जास्त बोलावल्यात, किंवा फडात ऊस पेटवून तोडलाय. पहिल्या मिलचा आकडा बरा आणि मिश्र रसाचा वाढलेला असेल तर घाण आत आहे, धुवा. दोन दिवसांनी उगवणाऱ्या ठिपक्यांनीही हा फरक कळतो, पण तोवर त्या गाड्या गावाला परतलेल्या असतात, पाळी बदललेली असते, आणि ती वेळ कोणाच्या लक्षातच नसते. दहा मिनिटांत कळलं तर ती गाडी अजून यार्डात उभी असते. कोणत्या गटातून आली, कधी तोडली, किती वेळ थांबली, हे विचारता येतं.

आम्ही सर्व्हर चालवतो तेव्हा हेच करतो ना! वेबसाइट मंद झाली की पहिला प्रश्न 'किती मंद' हा नसतो. नेटवर्क, डेटाबेस की आपला कोड, हा असतो. प्रत्येक सांध्यावर मोजमाप नसेल तर तीन टीम तीन दिवस एकमेकांकडे बोट दाखवतात. इथे कार कारखान्यात काम केलेल्यांना हा अनुभव सांगायला नको.

आता थोडं आपल्या गल्लीत येऊ. दिवाळीच्या शंकरपाळ्यात तुम्ही जी साखर घालणार, ती बिटाची. इंगोलश्टाटहून बी-१६ रस्त्याने नॉयबुर्गवरून पुढे गेलं की पंचेचाळीसेक किलोमीटरवर लेख नदीकाठी राइन नावाचं छोटं गाव आहे. तिथे झ्यूडत्सुकर कंपनीचा कारखाना आहे. सप्टेंबरपासून जानेवारीपर्यंत त्या रस्त्यावर बिटांनी भरलेली धुडं पुढे असली की ओव्हरटेक करता येत नाही, आणि आपण मनातल्या मनात जे बोलतो ते इथे छापता येणार नाही. मला मात्र ती गाडी बघून गावाकडचा हंगाम आठवतो. तीच घाई: काढलं की लवकर पोचव.

बिटाच्या कारखान्यात मिल नसते. बिटाचे लांब काप करतात (त्यांना जर्मनमध्ये श्नित्सेलच म्हणतात, शाकाहाऱ्यांनी घाबरू नये) आणि उंच टॉवरमध्ये ७० अंशांच्या आसपास गरम पाण्याने त्यातली साखर उतरवून घेतात. एवढ्या तापमानाला ल्युकोनोस्टॉक टिकत नाही, पण उष्णता आवडणारे दुसरे बॅक्टेरिया असतातच. त्यांच्यावर नजर ठेवायला रसातलं लॅक्टिक आम्ल मोजतात. ते वाढलं की समजायचं, कोणीतरी जेवतंय. पूर्वी त्यावर फॉर्मालिन टाकायचे. मग १९९० च्या दशकात ऑस्ट्रियात टुल्न इथल्या साखर संशोधन संस्थेने एक सुंदर पर्याय पुढे आणला: हॉप्स!

हॉप्स म्हणजे बिअरला कडवटपणा देणारी वेल. आणि जगातला सर्वांत मोठा हॉप्सचा पट्टा, हालरटाऊ, आपल्या शहराच्या दक्षिणेला सुरू होतो. म्युनिकला जाताना रस्त्याच्या कडेला त्या उंच खांबांवर चढवलेल्या वेली तुम्ही शंभर वेळा पाहिल्या असतील. त्या हॉप्समधली कडू आम्लं विशिष्ट गटातल्या बॅक्टेरियांना वाढू देत नाहीत, आणि साखरेच्या रसातले बरेच उपद्रवी त्याच गटात मोडतात. यीस्टला त्यांचा फारसा त्रास होत नाही, म्हणून तर बिअर होते. १५१६ साली बव्हेरियाच्या ड्यूकने बिअरच्या शुद्धतेचा जो प्रसिद्ध कायदा जाहीर केला तो आपल्या या इंगोलश्टाटमध्येच. त्यात पाणी, बार्ली आणि हॉप्स एवढंच घालायला परवानगी होती. यीस्टचा उल्लेखही नाही, ते सजीव असतं हे तेव्हा कोणाला माहीत नव्हतं. पण हॉप्स घातलेली बिअर टिकते एवढं मात्र अनुभवाने कळलेलं होतं. कारण कळायला पाश्चरपर्यंत थांबावं लागलं.

मी उत्साहाने दादाला फोन केला, म्हटलं तुमच्याकडे हॉप्स का नाही वापरत? त्याने थंडपणे विचारलं, "किलो कसं?" मग म्हणाला, "तुमच्या टॉवरला झाकण आहे. आमची मिल उघडी आहे. तू हॉप्स टाकशील एका सांध्यात, दुसऱ्या सांध्यात बगॅस सडत असेल. आधी झाडू, मग गरम पाणी, मग औषध." पुण्याजवळ मांजरीला १९७५ पासून वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आहे, तिथल्या प्रशिक्षणात तो जाऊन आलाय. तिथेही त्याला हाच क्रम शिकवला होता म्हणे. मला त्याचं पटलं. तंत्रज्ञान विकायला निघालेल्या माणसाने आधी झाडू कुठे ठेवलाय ते विचारावं, हे मला आमच्या क्षेत्रातही सांगावंसं वाटतं, पण बिल लावता येत नाही.

एक काळजी मात्र मला आहे, ती बोलून दाखवतो. उद्या हे यंत्र प्रत्येक यार्डाच्या दारात आलं, आणि गाडीगाडीचा आकडा मोजला जाऊ लागला, तर त्याचा उपयोग कोण कोणाविरुद्ध करेल? "तुझा ऊस शिळा, कापून घेतो" असं शेतकऱ्याला आणि मुकादमामार्फत तोडणी कामगाराला ऐकवणं सर्वांत सोपं. पण ऊस शिळा झाला तो बहुतेक वेळा रांगेत, आणि रांग कारखान्याच्या नियोजनाची. म्हणून माझं म्हणणं असं, की आकडा मोजायचा असेल तर त्याच्याशेजारी तीन वेळा लिहिल्या पाहिजेत: तोडणीची, यार्डात पोचल्याची, आणि गव्हाणीत पडल्याची. आणि तो कागद शेतकऱ्यालाही मिळाला पाहिजे. चौथी वेळ, मिल शेवटची कधी धुतली, तीही त्याच कागदावर हवी. या वेळांविना नुसता आकडा म्हणजे एक नवा काटा, आणि जुन्या काट्यांवर किती विश्वास आहे ते तुम्ही कोणत्याही गावच्या पारावर विचारा.

दादाने स्वतःपुरती सुरुवात केली आहे. काजव्याचं यंत्र अजून मंजूर झालेलं नाही, कागद वरच्या टेबलावर आहे. तोवर तो निळ्या रंगाच्या नळ्यांवर चालवणार आहे. दर पाळीला दोन नमुने, पहिली मिल आणि मिश्र रस, आणि रंग उडायला लागलेली मिनिटं. मी त्याला एक साधी एक्सेलची शीट करून दिली आहे, त्यात वर सांगितलेल्या चारही वेळांचे रकाने आहेत. पहिले तीन तो भरेल असं म्हणतो. चौथा भरायला मिलवरचा माणूस तयार होतो का, ते गाळप सुरू झाल्यावर कळेल. बॉयलर पेटलाय, मोळी पुढच्या महिन्यात.

दुधाचा वास यायला लागलाय, तेव्हा मी थांबतो. कोणाला काही विचारायचं असेल तर पेला हातात घेऊन विचारा, आणि तुमच्यापैकी कोणी डेअरीत किंवा ब्रुअरीत असे नमुने रोज तपासत असेल तर मला कोपऱ्यात गाठा. गाळणीवर रस तुंबतो, त्याला काय करायचं हे दादाला विचारून हवं आहे.